ग्रेस मार्क आणि कोळशाचा विस्तव



हा एपिसोड मी तीनदा रेकॉर्ड केला आणि दोनदा डिलीट केला. ज्यांना बसमध्ये नीट ऐकू येत नाही किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' झालं ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

विषय असा: विश्वासात मागे पडल्यावर देवाची कृपा मिळते म्हणजे नक्की काय होतं? आपल्या मंडळीत हा शब्द इतक्यांदा कानावर पडतो की तो गुळगुळीत झालाय. माझ्या बाबतीत तो पुन्हा खरखरीत कसा झाला, तिथून सुरुवात करतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑफिसच्या कँटीनमध्ये आम्ही सहाजण जेवत होतो. समोर टीव्हीवर धर्मांतराची कसलीतरी बातमी चालली होती. एकजण हसत म्हणाला, "तांदळाच्या गोणीवर विकले गेलेले लोक." सगळे हसले. मीही हसलो. मग समोरच्याने सहज विचारलं, "अरे, तूपण ख्रिश्चन आहेस ना? कोणीतरी म्हणत होतं." माझ्या आडनावावरून काही कळत नाही. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची आडनावं शेजाऱ्यांसारखीच असतात. मी म्हणालो, "छे रे, मी कुठला! आजीकडचे कोणीतरी होते."

आजीकडचे कोणीतरी. ज्या आजीने मांडीवर बसवून मला पहिली प्रार्थना शिकवली, ती 'कोणीतरी'.

लक्षात घ्या, मला तिथे कोणी मारणार नव्हतं. नोकरीही जाणार नव्हती. फार तर दोन मिनिटं अवघडलेपण आलं असतं. तेवढ्यासाठी मी हे केलं. आणि एकदा केल्यावर ते सांभाळावं लागतं. डिसेंबरमध्ये रजा टाकताना 'घरी लग्न आहे' असं लिहिलं. पुढच्या वर्षीही तेच. दोन वर्षं ओळीने पंचवीस डिसेंबरला आमच्याकडे लग्न! एकदा बोलता बोलता 'पाळकसाहेब' असं तोंडातून गेलं, तर 'म्हणजे आमच्या सोसायटीतले एक काका' अशी सारवासारव केली.

मग रविवार सुटू लागले. पहिल्यांदा प्रभुभोजनाच्या रविवारी गेलो नाही, कारण हात पुढे करायची लाज वाटली. नंतर रिलीज असायची, झोप असायची. सहा महिन्यांनी मी यूट्यूबवर 'देव नाहीच' असं सिद्ध करणारे व्हिडिओ बघत होतो आणि स्वतःला सांगत होतो की मी आता विचार करायला लागलोय. खरं तर क्रम उलटा होता. लाज आधी आली, शंका मागून आली. ज्याच्यासमोर जायची लाज वाटते तो नसलेलाच बरा, असं मनाला वाटतं. (काहीजणांच्या शंका अगदी प्रामाणिक, अभ्यासातून आलेल्या असतात. त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. तो वेगळा एपिसोड आहे.)

या काळात कृपेबद्दलची माझी समजूत इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेली होती. बीटेकला असताना मॅथ्समध्ये मला सदतीस पडले होते आणि पासिंगला चाळीस हवे होते. तीन ग्रेस मार्क मिळाले, केटी वाचली. ग्रेस मार्कचा नियम सगळ्यांना माहीत आहे. रेषेच्या जवळ असाल तर मिळतात. ज्याला अकरा पडलेत त्याला कोण ग्रेस देतं? मला वाटायचं, देवाचंही असंच असणार. सदतीसपर्यंत आपण यायचं, वरचे तीन तो घालणार. आणि मी तर अकराच्याही खाली होतो.

नव्या करारात 'कृपा' म्हणून जो ग्रीक शब्द येतो तो आहे खारिस. आनंद या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी त्याचं नातं आहे. देणाऱ्याने आपल्या आनंदाने दिलेलं दान, असा त्याचा भाव. पौल तो शब्द वापरतो तेव्हा आवर्जून सांगतो की ही मजुरी नाही. मजुरी हिशेबाने मिळते, दान हिशेबाने मिळत नाही. व्याख्या म्हणून हे मला पाठच होतं, संडे स्कूलमध्ये त्यावर बक्षीसही मिळालंय. व्याख्येने काही हललं नाही. हललं ते पेत्राच्या गोष्टीने, आणि तीसुद्धा मी शंभरदा ऐकलेली होती.

ती गोष्ट आता जरा सावकाश बघू.

येशूला अटक झाली त्या रात्री शिष्य पळाले. पेत्र मात्र लांबून मागे मागे गेला आणि महायाजकाच्या वाड्याच्या अंगणापर्यंत पोचला. हे आपण विसरतो. बाकीच्या बहुतेकांना कोणी विचारलंच नाही, कारण ते तिथे नव्हते. पेत्र पडला, कारण तो निदान तिथवर गेला होता. थंडी होती. नोकर आणि शिपाई कोळशाचा विस्तव करून शेकत उभे होते, तोही त्यांच्यात शेकत उभा राहिला. दारावरच्या दासीने विचारलं, तू त्याच्यातलाच ना? तो नाही म्हणाला. मग आणखी कोणी विचारलं. तिसऱ्या वेळी योहानाच्या शुभवर्तमानात विचारणारा आहे मल्खाचा नातेवाईक, ज्या मल्खाचा कान पेत्राने थोड्या वेळापूर्वीच कापला होता. मत्तय आणखी एक बारकावा देतो: तुझ्या बोलण्यावरूनच कळतंय, असं लोक त्याला म्हणाले. गालीलची बोली यरुशलेमेत लपत नव्हती. कोल्हापूरचा माणूस पुण्यात तोंड उघडताच ओळखू येतो, तसंच. ते ऐकून पेत्र शपथा घ्यायला लागला की त्या माणसाला मी ओळखतच नाही. आणि कोंबडा आरवला.

'पाळकसाहेब' म्हणून पकडला गेलेला मी हे वाचताना हसूही शकलो नाही.

लूक इथे एक गोष्ट सांगतो जी इतर तिघे सांगत नाहीत. त्या क्षणी येशूने वळून पेत्राकडे पाहिलं. कसं पाहिलं ते लिहिलेलं नाही. लहानपणी मी ती नजर मुख्याध्यापकांची समजायचो. पण लूकच्याच अध्यायात थोडं मागे जा. जेवणाच्या वेळी येशूने पेत्राला आधीच सांगितलं होतं की तू मला नाकारशील. त्याच्याही आधीची वाक्यं बघा. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू परत फिरशील तेव्हा तुझ्या भावांना आधार दे, या अर्थाचं तो बोलला. 'परत फिरलास तर' असं तो म्हणाला नाही. पडायच्या आधीच परत येणं गृहीत धरलेलं आहे आणि परत आल्यावरचं कामही नेमून दिलेलं आहे. ज्याने हे आधीच बोलून ठेवलंय, त्याची ती नजर आहे.

त्याच रात्री आणखी एकजण पडला. यहूदा इस्कर्योत. मत्तय सांगतो की त्याला पस्तावा झाला. तीस रुपये त्याने परत नेऊन दिले, आपण पाप केलं हेही कबूल केलं. कबुली कोणाकडे दिली? ज्यांनी त्याला पैसे दिले होते त्या याजकांकडे. ते म्हणाले, तुझं तू बघ. म्हणजे पस्तावा होता, कबुली होती, नुकसानभरपाईसुद्धा होती. पण तो ज्या खिडकीवर गेला तिथे कृपा मिळतच नव्हती. यहूदा एकटा गेला आणि एकटाच संपला. पेत्र ओक्साबोक्शी रडला, पण रविवारी सकाळी तो इतरांच्या सोबत होता. या दोघांतला फरक मला पापाच्या आकारात दिसत नाही. तो कुणासोबत राहिले यात दिसतो. (ऐकणाऱ्यांपैकी कोणी आत्ता यहूदाच्या वाटेवरचा विचार करत असेल, तर हा एपिसोड इथेच थांबव आणि कोणाला तरी फोन कर. ओळखीचं कोणी नको असेल तर टेली-मानसचा सरकारी नंबर आहे 14416. फुकट आहे.)

मग पुनरुत्थान. मार्कच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरेपाशी बायकांना निरोप मिळतो: त्याच्या शिष्यांना सांगा, आणि पेत्राला. पेत्र शिष्यच होता की! मग नाव वेगळं का घेतलं? कारण 'शिष्यांना सांगा' एवढंच म्हटलं असतं तर आपण त्यात मोडतो असं त्याला वाटलंच नसतं. दुसऱ्या शतकातल्या पापियास नावाच्या बिशपपासून चालत आलेली परंपरा अशी की मार्कने आपलं लिखाण पेत्राच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून केलं. ती खरी असेल तर नाकारण्याची ही सगळी लाजिरवाणी गोष्ट जगाला सांगितली ती पेत्राने स्वतःच.

आता योहानाचा शेवटचा अध्याय. सातजण तिबिर्याच्या समुद्रावर मासे धरायला गेलेत. पेत्र जुन्या धंद्यावर परतलाय. रात्रभर जाळं रिकामं. पहाटे काठावर कोणीतरी उभं आहे. जाळं उजवीकडे टाका म्हणतो, एकशे त्रेपन्न मासे लागतात. पेत्र पाण्यात उडी टाकून काठावर येतो, आणि तिथे त्याला काय दिसतं? कोळशाचा विस्तव. त्यावर मासळी, आणि भाकर.

योहानाने इथे जो ग्रीक शब्द वापरलाय, अँथ्राकिया, तो संपूर्ण नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा महायाजकाच्या अंगणात आणि एकदा इथे, काठावर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री दीड वाजता मोबाईल खाली ठेवून अंधारात बसलो होतो. वास माणसाला किती मागे नेतो हे आपल्याला ठाऊक आहे. जळत्या कोळशाच्या त्याच वासात पेत्राने तीनदा नाही म्हटलं होतं. येशू त्याला नेमक्या त्याच वासात परत उभा करतो. आधी मात्र न्याहारी. या, जेवून घ्या. चौकशी नंतर.

चौकशीही कसली? तू असं का केलंस, हे त्याने विचारलं नाही. पुन्हा करणार नाहीस ना, असंही नाही. 'पेत्र' म्हणजे खडक, हे नाव त्यानेच दिलेलं, पण इथे हाक मारली ती जुन्या नावाने, शिमोन म्हणून, योहानाचा मुलगा म्हणून. आणि तीनदा एकच गोष्ट विचारली: तुझं प्रेम आहे का माझ्यावर? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं. वाटणारच. जितक्यांदा नाही म्हटलं तितक्यांदा हो म्हणायची संधी मिळते, तेव्हा आकडा दोघांनाही कळलेला असतो. प्रत्येक उत्तरानंतर काम दिलं: माझी मेंढरं सांभाळ. (या प्रश्नांत प्रेमासाठी दोन वेगळे ग्रीक शब्द आहेत आणि त्या फरकावर तासतासाचे व्हिडिओ आहेत. योहान ते शब्द इतर ठिकाणीही एकमेकांच्या जागी वापरतो, म्हणून त्यावर मी तरी इमला बांधणार नाही.)

माझ्या धंद्यातलं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. गिटमध्ये हार्ड रिसेट केलं की ब्रँच मागच्या जागी जाते, मधलं जणू घडलंच नाही. रिव्हर्ट केलं की चुकीचा कमिट लॉगमध्ये तसाच राहतो आणि त्याच्यावर नवा कमिट बसतो, जो ती चूक उलटवतो. मी इतकी वर्षं देवाकडे हार्ड रिसेट मागत होतो. कँटीनमधली ती दोन वाक्यं पुसून टाक, मग मी येतो. पेत्राचा लॉग कोणी पुसला नाही, चारही शुभवर्तमानांत तो छापलेला आहे. उपमा इथे लंगडी पडते, कारण रिव्हर्ट माझं मलाच मारावं लागतं, आणि काठावर विस्तव पेटवणारा पेत्र नव्हता.

यानंतर पेत्र कायमचा सुधारला, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो की अंत्युखियात पेत्र आधी परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसायचा. मग यरुशलेमेहून काही लोक आले, आणि त्यांना काय वाटेल या भीतीने तो त्या पंगतीतून उठला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. म्हणजे इतकी वर्षं गेली, पन्नासाव्या दिवसाचं ते मोठं भाषण झालं, तुरुंग झाला, आणि भीती पुन्हा तीच: लोक काय म्हणतील. कोण कोणाच्या पंगतीला बसतं यावरून किती काय ठरतं, हे महाराष्ट्रात तरी समजावून सांगायला नको. कृपा मिळालेला माणूस पुन्हा त्याच खड्ड्यात जाऊ शकतो, हे बायबल लपवत नाही.

आता दोनशे वर्षं पुढे जाऊ. कारण पेत्राची गोष्ट एका माणसाची झाली. अख्खी मंडळीच पडली तर काय करायचं, हा प्रश्न पुढे खरोखरच आला.

सन 249 मध्ये डेशियस रोमचा सम्राट झाला आणि त्याने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी अर्पण करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. आपल्या केवायसीसारखं. इजिप्तच्या वाळूत 250 च्या उन्हाळ्यातले असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडलेत. त्यांचा मजकूर ठरावीक आहे: मी अमुक गावचा अमुक, देवांना नेहमीच अर्पण करत आलोय, आत्ता तुमच्यासमोरही केलं, प्रसाद चाखला, कृपया तसं लिहून द्या. खाली साक्षीदाराची सही. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी नुसता धूप जाळला. काहींनी तेही केलं नाही, अधिकाऱ्याला पैसे चारून कोरा दाखला मिळवला. मी त्या काळात असतो तर कुठल्या यादीत असतो, हे मला नेमकं माहीत आहे. दाखला विकत घेणाऱ्यांच्या.

छळ ओसरल्यावर हे सगळे दारात आले. आम्हाला परत घ्या. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिशियात, कार्थेज नावाचं शहर होतं. तिथला बिशप सिप्रियन. त्याची स्वतःची अडचण अशी की छळाच्या काळात तो लपून बसला होता आणि त्याबद्दल टोमणे खात होता. एका बाजूला तुरुंगात छळ सोसून आलेले लोक होते, ते पडलेल्यांना चिठ्ठ्या वाटत होते: अमक्याला आणि त्याच्या माणसांना आत घ्या. 'त्याची माणसं' म्हणजे किती, याचा पत्ता नाही. सिप्रियन यावर चांगलाच वैतागला होता. दुसऱ्या बाजूला रोममध्ये नोव्हेशियन होता. त्याचं म्हणणं, ज्याने ख्रिस्ताला नाकारलं त्याला मंडळीत परत घ्यायचा अधिकार मंडळीला नाहीच. देवाने क्षमा केली तर केली, दार आम्ही उघडणार नाही. यावरून फूट पडली आणि नोव्हेशियनचा वेगळा पंथ पुढे काही शतकं टिकला.

सन 251 मध्ये कार्थेजला बिशपांची परिषद भरली. निर्णय मधला होता. दार बंद नाही, पण सरसकट चिठ्ठीही चालणार नाही. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं पाहायचं. नुसता दाखला घेतलेल्यांना लवकर, बळी दिलेल्यांना दीर्घ पश्चात्तापानंतर, कदाचित मरणशय्येवर. मला स्वतःला हे कडकच वाटतं. पण मग जे झालं त्याने मला खरा धक्का दिला. दोनेक वर्षांत पुन्हा छळ होणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा सिप्रियन आणि इतर बिशपांनी ठरवलं की पश्चात्ताप करत बसलेल्या सगळ्यांना आत्ताच प्रभुभोजनात सामील करून घ्यायचं. कारण? पुढची परीक्षा येतेय. ज्याला आपण शस्त्रच दिलं नाही, त्याला लढायला कसं सांगायचं?

माझा ग्रेस मार्कचा हिशेब इथे कोलमडला. ग्रेस मार्क निकालानंतर मिळतात, कमी पडलेलं झाकायला. या लोकांनी नापास झालेल्यांना ग्रेस दिली ती पुढच्या पेपरच्या आधी, तो देता यावा म्हणून. पेत्रासाठी ती विनंती पडायच्या आधीच झाली होती, तसंच काहीसं. सिप्रियनवर स्वतःवर पुढची वेळ आली ती सप्टेंबर 258 मध्ये. या खेपेला तो लपला नाही. त्याचा शिरच्छेद झाला.

आता कोणीतरी म्हणेलच, मग काहीही करा आणि नंतर माफी मागा, सोपं आहे! हा प्रश्न पौलाने रोमकरांच्या पत्रात स्वतःच उपस्थित केलाय आणि झटकून टाकलाय. जर्मनीतला पाळक डीट्रिख बोनहोफर याने 1937 च्या आपल्या पुस्तकात यालाच स्वस्त कृपा म्हटलं. म्हणजे जिला शिष्यपण नको, फक्त सूट हवी. हिटलरच्या राजवटीने त्याला 1945 च्या एप्रिलमध्ये फाशी दिलं, तेव्हा 'स्वस्त' या शब्दाची किंमत त्याला माहीत होती असं म्हणायला हरकत नाही. माझा अनुभव सांगायचा तर, कृपा फुकट मिळाली तरी ती अंगावर घेणं अजिबात सोपं नव्हतं. त्यापेक्षा शिक्षा परवडली असती.

आणि पडणं म्हणजे दरवेळी नाकारणंच असतं असंही नाही. आपल्याच मातीतलं उदाहरण आहे, पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बाहेरून सगळं भक्कम. पण बाप्तिस्म्याला सातआठ वर्षं झाल्यावर त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, खुद्द ख्रिस्त सापडायचा राहिलाच. 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलंय. त्या वळणावर त्यांच्या हाती पडलेलं एक पुस्तक होतं विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं, ज्याचं मनपरिवर्तन व्यासपीठावर स्वतःचंच प्रवचन देता देता झालं होतं! संस्था चालवणाऱ्या, साऱ्या जगाला तोंड दिलेल्या बाईला 'माझं आतून कोरडं आहे' हे म्हणता आलं. मला एका कँटीनमध्ये एक 'हो' म्हणता आला नव्हता.

तर माझं काय झालं? फार काही नाट्यमय नाही. मागच्या वर्षी पावसाळ्यात एका शनिवारी मी पाळकसाहेबांच्या घरी गेलो. चहा झाला. मी सगळं सांगितलं: कँटीन, लग्नाच्या रजा, व्हिडिओ, सगळं. बोलताना घसा कोरडा पडला. ते ऐकत होते, मध्ये काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी प्रार्थना केली, छोटीशी. आणि डोळे उघडल्यावर म्हणाले, "अरे, उद्या प्रोजेक्टर कोण चालवणार? आपला मुलगा गावी गेलाय. तुला जमतं ना ते?"

मला रागच आला. मी आयुष्यातली सगळ्यात मोठी कबुली देतोय आणि यांना प्रोजेक्टर सुचतोय! मी म्हणालो, "साहेब, मी दीड वर्ष उपासनेला आलो नाहीये. लोक काय म्हणतील?" ते म्हणाले, "गाणी पुढे सरकली नाहीत तर म्हणतील."

रविवारी मी मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसलो. उपासनासंगीतातल्या गाण्यांच्या स्लाईड कोणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, निम्मी अक्षरं चौकोन दिसत होती. पहिलं गाणं सुरू असतानाच मी दुसरं युनिकोडमध्ये टाइप करत होतो. अंगावर शहारे आले, डोळ्यांत पाणी आलं, असं काहीही झालं नाही. घामच आला. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर घेऊन आलेले वडीलधारे बाकांच्या रांगेत शेवटी माझ्याजवळ आले तेव्हा माझा एक हात माऊसवर होता. दुसरा हात पुढे केला.

मेंढरं सांभाळ, हे पेत्राला सांगितलं तेव्हा त्यालाही कदाचित वाटलं असेल, आधी माझ्या नाकारण्याबद्दल नीट बोलू या की! मला हे महिनाभराने सुचलं, रविवारी नाही.

कँटीनचं काम मात्र बाकी होतं. देवाकडे झालं म्हणून माणसाकडे होत नाही. या डिसेंबरमध्ये रजेच्या अर्जात मी 'नाताळ' असं लिहिलं. ज्याने त्या दिवशी विचारलं होतं त्याला चहाला नेऊन सांगितलं की मी खोटं बोललो होतो, आणि ती आजी माझी स्वतःची आजी आहे. तो जरा गोंधळला. "अरे, सांगायचंस ना तेव्हाच," म्हणाला. मग थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मागच्या दोन वर्षांची लग्नं?" आम्ही दोघं हसलो. तांदळाच्या गोणीचा विनोद करणारा दुसरा होता. तो त्याच टेबलावर अजून बसतो, त्याला मी अजून काही बोललेलो नाही. मागच्या आठवड्यात तो पुन्हा तसलंच काहीतरी म्हणाला. मी हसलो नाही. पण बोललोही नाही. अंत्युखियाचा पेत्र आठवत ताटातला भात संपवला.

पुढच्या एपिसोडमध्ये शंकेबद्दल बोलू, वर कबूल केलं होतं तसं. काही विचारायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही सांगितलं तरी चालेल. आणि तुमच्यापैकी कोणाला आमच्या मंडळीच्या गाण्यांच्या स्लाईड युनिकोडमध्ये टाइप करायला मदत करायची असेल तर कळवा, अजून दोनशेच्या वर बाकी आहेत.

जय ख्रिस्त!